निळ्या पायांचा सैनिक

अण्णा, आज रविवार, १४ ऑक्टोबर २००७. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. शटर अर्धं ओढून मी सायकलच्या बारीक रबरी व्हॉल्व्ह ट्यूबचा एक तुकडा कापत होतो. आता समोर वर्तमानपत्रावर तीन सैनिक पडलेत. दोन अखंड आहेत, तिसऱ्याची छाती, कंबर आणि पाय वेगवेगळे झालेत. त्याच्या पाठीचा स्क्रू हरवू नये म्हणून बाटलीच्या झाकणात ठेवलाय. पुण्याचे साहेब दीडच्या गाडीने गेले. त्यांच्या चहाचा कप अजून स्टुलावर आहे, विसळायला उठावंसं वाटत नाही.

हे साहेब कोण, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो आणि मला रिमसुद्धा सरळ करता येत नव्हती. शाळा सुटली, तुमचं सायकल दुरुस्तीचं दुकान राहिलं. चार वर्षांपूर्वी मंचरला इंटरनेटचं दुकान निघालं. तासाला वीस रुपये देऊन मी तिथे बसायला लागलो, आणि एक दिवस पडद्यावर माझ्या लहानपणीचा सैनिक दिसला. ते चार बोटं उंचीचे, हात-पाय वळणारे, पाठीला स्क्रू असलेले प्लास्टिकचे सैनिक जगभरची मोठी माणसं गोळा करतात. त्यातही आपल्या देशात बनलेल्यांना मान आहे, कारण इथे कारखान्यात ज्या रंगाचं प्लास्टिक हाताशी असेल ते ओतत. परदेशात जो सैनिक खाकी, तो इथे कधी पिवळा, कधी जांभळट निघाला. असा प्रत्येक निराळा रंग म्हणजे एक प्रकार. कुठला प्रकार कुठल्या भागात विकला गेला याच्या याद्या आहेत. मी शंभर पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि लिहायला लागलो.

दुकान बंद असलं की सायकलला पंप आणि पंक्चरचं सामान बांधून मी गावं फिरायचो. घरात जुने सैनिक असतील तर द्या, बदल्यात सायकल दुरुस्त करून देतो, असं सांगायचो. अवसरी बुद्रुकला एका ओट्यावर दोन मावश्या लसूण सोलत बसल्या होत्या. एकीने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "आन् तू काय करनार रं त्यांचं? पोरं व्हायच्या आदीच खेळनी जमवतो व्हय?" दुसरी मान वर न करता बोलली, "लगीन जमंना म्हनून खेळतंय गं बिचारं. दे, दे." पहिलीने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून दिली. तिच्यात तुटक्या बांगड्या, बॅटरीचे सेल आणि तळाशी एक सैनिक होता. अंग गडद हिरवं, पाय निळे. असा सैनिक मी कधी पाहिला नव्हता, कुठल्या यादीतही नव्हता. मी तिच्या मुलाच्या सायकलची दोन पंक्चरं काढली आणि ब्रेकचे रबर नवे टाकून दिले.

त्यानंतर तसाच एक आपल्याच कळंबमध्ये, मळ्यातल्या एका घरी सापडला. तिसरा तळेघरला. एसटीतून उतरून दीड तास चाललो होतो. घराच्या कोनाड्यात रॉकेलच्या चिमणीशेजारी तो उभा होता. तिथला म्हातारा म्हणाला, "नातवाचा हाय. त्यो चाकनला कंपनीत ऱ्हातो, आता कशाला इचारतोय त्याला! घिऊन जा पावनं." त्याने मोबदला घेतला नाही, उलट नाचणीची भाकरी वाढली. तिघांचे फोटो मी पुण्याच्या साहेबांना पाठवले. त्यांचं नाव इंटरनेटवर दिसायचं, आपल्याकडच्या सैनिकांची यादी तेच ठेवतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. एवढा शिकलेला माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता. म्हणाले, तीन गावं, तीनही एकाच तालुक्यात, म्हणजे हा खास या भागात आलेला माल. यादीत त्यांनी नवी ओळ घातली. तिला नाव दिलं 'आंबेगाव प्रकार'.

तेव्हापासून दर रविवारी रात्री साडेआठला त्यांचा फोन यायचा. दीड वर्षात तीनदाच चुकला. अण्णा, आई ताईकडे राहायला गेल्यापासून मला नाव घेऊन हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही. गिऱ्हाइकं 'ओ सायकलवाले' म्हणतात. साडेसातलाच जेवून मी फोन समोर ठेवून बसायचो आणि काय सांगायचं ते कागदावर लिहून काढायचो, बोलताना काही राहू नये म्हणून.

मागच्या रविवारी ते म्हणाले, "मी येतो. आपण एक उघडून बघू. कारखान्याचा असेल तर आत काळी गोल रिंग असणार. तेवढं झालं की कुणी शंका घेणार नाही." या सैनिकांची छाती आणि पाय आतल्या एका रबरी रिंगने ओढून धरलेले असतात. मी बरं म्हणालो. 

आता त्या दिवाळीचं लिहितो. मी नऊ वर्षांचा आहे. दुकानाच्या बाजूला आपण दोघांनी किल्ला केलाय. गेरूने रंगवलाय, उतारावर हळीव पेरलेत आणि ते उगवलेत. बुरुजावर मातीचे मावळे आहेत. तुम्ही शर्टाच्या खिशातून एक सैनिक काढून दरवाज्यापाशी उभा करता. हिरवं अंग, निळे पाय. खेळणी घेऊन आठवड्याच्या बाजारांना फिरणाऱ्या जुन्नरच्या चाचांची दोन खोकी एसटीच्या टपावर कुणाच्या तरी लोखंडी नांगराखाली दबली होती. हिरव्या सैनिकांचं खोकं पायांकडून चेपलं, निळ्यांचं डोक्याकडून. चाचा दुकानात येऊन म्हणाले होते, "भाऊ, सायकलला एक टायर टाकून दे आन् ही बला ठेवून घे." तुम्ही खोक्यात डोकावलात. "चाचा, तुमची फौज तर लढायच्या आदीच मेली राव!" चाचा म्हणाले, "मग तू डाक्टर हो की तिचा." तुम्ही खरंच झालात. रोज दुकान आवरल्यावर हिरवी धडं निळ्या पायांवर बसवत होतात, आणि त्यातला पहिला मला दिला होतात.

मी खोक्यावरचं चित्र पाहिलं होतं. मी म्हणालो, "हा खोटा आहे. खऱ्याचे पाय हिरवे असतात." तुम्ही म्हणालात, "आरं, बसतोय, उठतोय, बंदूक धरतोय. आनखी काय पायजे?" मी म्हणालो, "मला खरा पाहिजे." आई आतून ओरडली, "बापानं हातानं केलंय, घे की गुमान!" मी घेतला नाही. तुम्ही रागावला नाहीत. सैनिक उचललात, त्याच्या पायाची माती अंगठ्याने पुसलीत आणि बेअरिंगच्या डब्यात टाकलात. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या पोरांना तुम्ही ते सैनिक वाटायला लागलात. सायकलवरून आलेली गावातली पोरं, अवसरीची पोरं, बटाटा काढणीला डोंगरातून उतरलेल्या बायांची पोरं. माझा कुणाला दिलात ते मी पाहिलं नाही. चार दिवसांनी तुम्ही जुन्नरला जाऊन खोक्यासकट कोरा सैनिक आणलात. तो माझ्या वहीत पहिल्या क्रमांकाचा आहे. मी त्याच्याशी कधी खेळलो नाही. इतका कोरा आहे, पण तसे हजारो निघाले, त्याला कुणी विचारत नाही.

आज सकाळी साडेसहाला मी शटर न उघडता तळेघरचा सैनिक उघडला. आत काळी रिंग नव्हती. व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा होता. एक टोक तिरकं कापून दुसऱ्या टोकात खुपसलेलं, सांध्यावर पंक्चरच्या सोल्युशनचा थेंब. तुम्ही गेलात त्या वर्षी मी ट्यूब सरळ कापली म्हणून तुम्ही माझ्या हातातली कात्री ओढून घेतली होतीत. "सरळ कापलं की सुटतं. तिरकं काप. घाई कुनाला झालीये?" दुकानात गिऱ्हाईक होतं, मला फार लागलं होतं ते बोलणं. तेव्हापासून मी तिरकंच कापतो.

माझ्याकडे काळ्या रिंगा आहेत. फवारणीच्या पंपाच्या दुकानात मिळतात, मापाला अगदी बसतात, इतर सैनिक मी त्यांनीच दुरुस्त केलेत. तीन रिंगा काढून मी ओळीत ठेवल्या. साहेब साडेअकराला येणार होते. एका सैनिकाला सात मिनिटं लागतात. कुणाला काही कळलं नसतं, यादीतली ओळ राहिली असती, रविवारचा फोन राहिला असता. आठ वाजेपर्यंत मी नुसता बसून होतो. मग तुमचा तुकडा जसा होता तसा परत आत घातला, स्क्रू आवळला आणि रिंगा डब्यात टाकल्या. रिंग घातली असती तर तुम्ही केलेला सैनिक मी दुसऱ्यांदा खोटा ठरवला असता.

साहेबांनी आल्यावर तोच सैनिक स्वतःच्या हाताने उघडला. चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ बघितलं. "ही सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आहे ना?"

"हो."

"म्हणजे कारखान्याचा नाही हा. मग केला कुणी?"

"आमच्या अण्णांनी. इथेच."

ते हसायला लागले. "जबरदस्त माणूस होता राव! आम्हाला दीड वर्ष बनवलं." हसणं वाईट नव्हतं, पण मला हसता आलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. त्यांनी आपल्या वहीतली ओळ पट्टी न लावता खोडली. चहा प्यायले. गंमत म्हणून एक द्या, ठेवतो माझ्याकडे, असं म्हणाले. मी दिला नाही. गाडीत चढताना "करतो फोन" म्हणाले. रविवारी, असं नाही म्हणाले.

ते गेल्यावर पुन्हा बघावं म्हणून मी तळेघरचा सैनिक उघडला, तर जुनी ट्यूब हातात तुटली. आता नवी तिरकी कापून ठेवलीय. सोल्युशन वाळलं की बसवतो.

माझ्या वहीत प्रत्येक सैनिकापुढे काय पडलं ते लिहिलेलं असतं. अवसरी, दोन पंक्चरं आणि ब्रेकचे रबर. कळंब, एक चेन. तळेघर, काही नाही, एक भाकरी खाल्ली. हिशोब बरोबर आहे, दोनदा तपासला. पण या पत्रात वर एक चूक आहे. अवसरीला पेटीच्या तळाशी जो निघाला, तसा सैनिक मी कधी पाहिला नव्हता, असं मी लिहिलंय. ते खरं नाही. निळे पाय दिसले तेव्हाच मी ओळखला होता. स्क्रू उघडायची गरजच नव्हती. तरी मी त्याचा फोटो यादीसाठी पाठवला, कारण कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला खरा म्हणावं असं मला वाटत होतं. ते वाक्य मी खोडत नाही, पान खराब होईल.

पत्र वहीतच राहील. आणखी एक. रंगाच्या फरकावरून मला एका नजरेत प्रकार सांगता येतात, साहेबही मानायचे. पण दुपारपासून या तिघांना उलटसुलट करून बघतोय, किल्ल्याची माती कुठे राहिलीय का म्हणून नखाने खरवडून बघितलं. यातला तुम्ही मला दिलेला कुठला, किंवा यात तो आहे तरी का, ते मला ओळखता आलेलं नाही.