माझे पिस्तूल आणि माझा मंगळवार

मी, सौ. कुसुम दिनकर बोकील, वय वर्षे चौसष्ट, मूळची कोथरूड, पुणे येथील, सध्या राहणार वाल्डॉर्फ, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो रोजच्या दिवसाचा आहे आणि त्याचा वारसाहक्काशी संबंध नाही. इथल्या कायद्याला हाताने लिहिलेला कागद पुरतो, साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला अक्षतांशिवाय लग्न लावल्यासारखे वाटते, म्हणून दोघींच्या सह्या घेणार आहे.

मुलांनी हे वाचून घाबरू नये. मला काही झालेले नाही. झाले ते यांना, दोन वर्षांपूर्वी. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. बोलणे परत आले, आणि त्याच्याबरोबर स्वभावही जसाच्या तसा परत आला.

कलम १. राहते घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा यांना, आणि यांच्या पश्चात पुष्कर व मैथिली यांना सारखा. न्हाणीघरातला कठडा काढू नये, कोणाला ना कोणाला लागेलच. पुष्कर इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात मोठा इंजिनियर आहे. दर रविवारी फोन करतो आणि बाबांना फ्लेगेहाइममध्ये ठेव म्हणतो, म्हणजे जिथे म्हाताऱ्यांची पगारी शुश्रूषा होते तिथे. सल्ला फुकट आहे, पेट्रोल महाग असावे. घर त्यालाही देतेच आहे, पण हे वाक्य त्याने दोनदा वाचावे.

कलम २. पुण्यातली ठेव आणि दागिने मैथिलीला. फक्त नथ सुलेखा ओगलेला द्यावी. सुलेखा इथेच आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि नथ तिलाच शोभते.

कलम ३. माझे पिस्तूल. हे कलम लांबणार आहे.

मी या देशात यांच्या व्हिसावर आले. बँकेचे खाते दोघांचे, विमा यांचा, दारावरच्या पाटीवर यांचे नाव. मुले शिकायला बाहेर पडली तेव्हा समोरच्या हाइडरून बाउमानने मला गावातल्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात नेले. हे खूप हसले. म्हणाले, अगं, तू झुरळ दिसले तर मला हाक मारतेस. मी वर्षभर क्लबाचे पिस्तूल वापरले, परीक्षा दिली, आणि शस्त्र बाळगण्याचे कार्ड घेतले. त्यावर माझ्या एकटीचे नाव आहे. ते मी देवासमोर ठेवले होते.

मग विकत घेण्याची वेळ आली. यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे हलके, आधुनिक पिस्तूल पहिल्या नंबरावर आणले. मी दुकानात गेले आणि हातात घेऊन पाहिले. माझ्या छोट्या पंजात ते मावेना. शेवटी जुन्या घडणीचे, सगळे पोलादी, लाकडी मुठीचे घेतले. मूळ कंपनीचे परवडणारे नव्हते, ही तुर्की कारखान्याने काढलेली नक्कल. जड असल्यामुळे झटका कमी बसतो, मूठ चपटी असल्यामुळे बोट घोड्यापर्यंत पोचते, आणि सुटे भाग कुठेही मिळतात. यांचा तक्ता यांच्या कॉम्प्युटरात आहे, तो ज्याला हवा त्याने घ्यावा.

हे पिस्तूल मैथिलीला द्यावे, तिने ती राहते त्या डार्मश्टाटच्या क्लबात जाऊन परवाना काढला तर. नाही काढला तर हाइडरूनला. कोणालाही मिळाले तरी पुढील गोष्टी पाळाव्यात. आधी गोळ्यांचे मॅगझिन काढावे आणि नळी रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, दुसऱ्याच्या शब्दावर नाही. नळीच्या तोंडाची कडी फिरवताना स्प्रिंगच्या टोपीवर अंगठा दाबून धरावा. मी पहिल्यांदा धरला नव्हता, ती टोपी उडून थेट देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मांडीवर जाऊन बसली. स्प्रिंग ढिली वाटली की बदलावी, तिथे काटकसर करू नये. तेल थेंबभरच, जिथे लोखंड लोखंडावर घासते तिथे.

आणि खोबरेल तेल लावू नये. पहिल्या वर्षी खंडेनवमीला मी पिस्तुलाची पूजा मांडली. यजमान म्हणून यांनी हळदकुंकू वाहिले आणि मी नैवेद्य आणायला गेले तेवढ्यात खोबरेल तेल चोपडले. म्हणे तेल ते तेल. तळघरातल्या तिजोरीत थंडीने ते तेल थिजले. क्लबातल्या सामन्यात बार काढला तर वरची सरकती स्लाइड अर्ध्यावरच अडकली, आणि आतून जो वास आला त्याने सगळ्यांना चटणी आठवायला हवी होती, पण तिथे चटणी माहीत असलेली मी एकटीच. मी शेवटची आले. हे अजून म्हणतात की दोष तुर्की कारखान्याचा.

माझा क्लबाचा दिवस मंगळवार. संध्याकाळी जायचे आणि बुधवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून साफसफाई करायची. नळीतून ओढलेली चिंधी काळीकुट्ट निघे आणि हे टेबलक्लॉथवरून ओरडत.

पक्षाघातानंतर मंगळवार गेला. मदतीला बायका आल्या, यांनी घालवल्या. एकीचा चहा पाणचट, दुसरीचे बूट वाजतात, तिसरी फार हसते. सुलेखा आपणहून बसायला तयार होती, तर ओगल्यांच्या बायकोने मला अशा अवस्थेत पाहायचे नाही म्हणाले. परके माणूस नकोच. मी दुकानात गेले तरी फोन वाजतो. मला कोंडल्यासारखे होते. लिहूनच टाकते, मला यांचा राग येतो. तोंड पुसताना येतो, आणि पुसून झाल्यावर यांच्याकडे बघून रडू येते.

यंदा शस्त्रखात्याने विचारले की तुमची नेमबाजी चालू आहे याचा पुरावा द्या, नाहीतर पिस्तूल जमा करावे लागेल. पुरावा कुठून आणू? जमा करायचे असे ठरवून मी हे मृत्युपत्र लिहायला बसले होते आणि या कलमात "पिस्तूल नाही" एवढेच लिहिणार होते.

गेल्या बुधवारी खंडेनवमी झाली. शेवटची पूजा म्हणून पिस्तूल वर आणले, टेबलावर वर्तमानपत्र पसरले, सुटे केले. यांची चाकांची खुर्ची समोरच होती. परवाना नाही म्हणून यांच्या हातात देता येत नाही, त्या खोबरेलानंतर तर नाहीच, हे नुसते बघत होते. मी नळीतून चिंधी ओढली. पांढरीच निघाली. दुसरी ओढली, तीही पांढरी. हे काही ओरडले नाहीत. मी ती चिंधी घडी करून ठेवली, तर यांनी ती डाव्या हाताने ओढून घेतली, उलगडली आणि बराच वेळ बघत राहिले.

"दोन वर्षांत एकदाही गेली नाहीस?"

"कशी जाणार?"

आरती झाल्यावर, मी तबक उचलत होते तेव्हा हे म्हणाले, "सुलेखाला मंगळवारचे विचार. मी नीट वागेन."

कलम ४. यांचे कपडे, चष्मे आणि तक्ते यांच्यापाशीच राहावेत. मी आधी गेले तर यांना चहा आले घालून द्यावा, आणि त्या दिवशी यांचे म्हणणे ऐकू नये.

या पानाच्या कोपऱ्यावरचा काळा ठसा माझ्या अंगठ्याचा आहे. खाडाखोड समजू नये.

ठिकाण: शुट्झेनफेराइनचे सभागृह, वाल्डॉर्फ
दिनांक: मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

सही: कुसुम दिनकर बोकील

साक्षीदार १: हाइडरून बाउमान. (सही केली. मजकूर मी जर्मनमध्ये सांगितला.)

साक्षीदार २: सौ. सुलेखा ओगले. (सही घरी गेल्यावर घ्यायची आहे. त्या आत्ता यांच्याजवळ बसल्या आहेत.)