फिरायच्या वेळेवरचा पिवळा पट्टा

तंजावूर, गुरुवार संध्याकाळ

अप्पांच्या दंडावरच्या सेन्सरने मोजलेली रक्तातली साखर पायथन प्रोग्रॅममध्ये आलेखावर काढली आणि त्यांच्या फिरायच्या वेळेवर पिवळा पट्टा रंगवला. साखर रोज नेमकी त्या पट्ट्यातच चढते. चालून कुणाची चढते का? नक्की कापीच्या दुकानात गोड कॉफी पीत बसत असणार.

शेवटी विचारलंच. "अप्पा, वाटेत काय खाता?"

"कडलै मिट्टाई. चालताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तुला सांगितलं तर फिरणंच बंद करशील."

मला ही शेंगदाण्याच्या चिक्कीसाठीची सबबच वाटली. पुन्हा आलेख पाहिला. पिवळ्या पट्ट्यात प्रत्येक चढाआधी साखर खोल घसरलेली आहे. मी नुसता चढ शोधत होते. मधुमेहाची गोळी जास्त होतेय का? उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवते. संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर चालणार, त्यांना आवडो न आवडो.