डावी बाजू, वर

दि. ९ नोव्हेंबर

चि. हजेरी क्रमांक एकतीस हिस,
अनेक आशीर्वाद. परीक्षेत तुला याच नावाने पुकारलं, दुसरं मला ठाऊक नाही. इकडे सर्व ठीक. तूही खुशाल असशील.

तुझी चिठ्ठी काल दुकानाच्या शटरखाली सापडली. ‘आजोबा, छातीचा फोटो काढून घ्या, लवकर.’ खाली फोन नंबर आणि हॉस्टेलची खोली. फोन मी करत नाही. हल्ली कोण काय रेकॉर्ड करून ठेवेल, सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

सरळ विचारतो. दुकानाचा पत्ता तुला कुणी दिला? वॉर्डातल्या मामांनी? चाळीस वर्षं कुलपं उघडतोय मी, पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं.

तेरा वर्षं तुमच्या डॉक्टरीच्या परीक्षेला तपासायची ‘केस’ म्हणून बसतोय. लहानपणी डांग्या खोकला झाला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या नळ्या कायमच्या सैल पडल्या. तिथे कफ साठतो, कानातली नळी पाठीला लावली की खरखर ऐकू येते. घाबरलेल्या पोरांना मी हळूच सांगतो, ‘उजवी बाजू, खाली, पाठीमागून.’ पोरं पास होतात. तुलाही सांगितलं. तर तू म्हणालीस, ‘आजोबा, मला ऐकू द्या.’ आणि डावीकडे गळ्याच्या हाडाखाली बोटावर बोट आपटत बसलीस. आवाज कधीपासून बसलाय, विचारलंस. माझ्या पट्ट्याकडे बघत राहिलीस. पट्ट्याला दोन नवी भोकं आहेत, ती मीच पाडली. त्यात तुझं काय गेलं?

‘खोकल्यातून रक्त येतं?’ विचारलंस. मी नाही म्हटलं.

मग परीक्षा घेणाऱ्या बड्या सरांना सांगितलंस, डावीकडे वर गाठ असावी. सर माझ्याकडे वळले, ‘काय आजोबा, डावीकडे नवीन काही?’ मी म्हटलं, ‘सर, तेरा वर्षं उजवीच आहे.’ सगळे हसले. तू नापास झालीस ते मामांकडून कळलं. वाईट वाटलं. पण आता तुझं खरं ठरायचं तर माझ्या छातीत गाठ निघायला हवी, नाही का? म्हणून ही काळजी. असा माझा संशय आहे आणि मी तो तोंडावर बोलतो.

पुन्हा चिठ्ठी टाकू नये.

आपला,
केस नंबर चार


दि. १७ नोव्हेंबर

चि. एकतीस हिस,
आशीर्वाद.

तू उत्तर दिलं नाहीस. मीच तसं लिहिलं होतं हे खरं, पण म्हाताऱ्याचं इतकंही ऐकायचं नसतं. गप्प बसणाऱ्याचा मला जास्त संशय येतो.

घरात सूनबाई माझे रुमाल मोजते. सहा होते, तीन उरले. ‘बाबा, बाकीचे कुठे गेले?’ म्हटलं, वाऱ्याने उडाले. तर म्हणते, वारा कपाट उघडून नेतो का? मुलगा जेवताना माझ्या ताटाकडे बघतो. दोघं स्वयंपाकघरात हळू बोलतात आणि मी गेलो की दुधाचा विषय निघतो. तू त्यांना गाठलंस का? खरं सांग.

चोराच्या मनात चांदणं, म्हणशील. म्हण बापडी. रुमाल दुकानात आहेत, हत्यारांच्या पेटीत, कानशीखाली. किल्ली एकच, माझ्याकडे. परीक्षेच्या आधी तीन आठवडे ते तिथे जायला लागले. एवढंच लिहितो.

आणि हो, हाडाखाली नेमकं किती बोटांवर आपटलं होतंस? मी रोज सकाळी करून बघतो. उजवीकडे रिकाम्या पेटीसारखं वाजतं, डावीकडे भरलेल्या. माझंच बोट चुकत असेल.

केस नंबर चार


दि. २ डिसेंबर

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला नाही त्याचं कारण रेकॉर्डिंग नव्हतं. आवाज फुटत नव्हता. आता तर गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलतो.

तुमच्या कॉलेजात सगळे तुझ्या बाजूचे असतील असं वाटून मी दुसरीकडे गेलो. साधा फोटो झाला, मग मोठ्या मशीनमधला, मग सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर आहे. डावी बाजू, वर. आवाजाची नस तिथूनच वळून वर जाते म्हणे. तुला ते माझ्या आधी कळलं होतं.

रक्त येत होतं गं. तू विचारलंस तेव्हा रुमाल खिशातच होता. मला भीती वाटली. शिवाय तेरा वर्षं पोरांना पास करून करून, माझी छाती मलाच जास्त कळते अशी घमेंड होती. तुझ्यावर संशय घेणं सोपं गेलं. फेरपरीक्षेपर्यंतचे तुझे सहा महिने मी खाल्ले.

काल रिपोर्ट आणि तीन रुमाल घेऊन बड्या सरांकडे गेलो. पाटीवर लिहिलं, ‘मी खोटं बोललो. मुलगी बरोबर होती.’ सरांनी मला बसवून स्वतः बोटं आपटून पाहिलं, डावीकडे तीनदा. मग बराच वेळ रिपोर्टच वाचत राहिले. निकाल बदलता येत नाही म्हणाले. फेरपरीक्षा होईल, परीक्षक दुसरे असतील. ‘तिची माफी मी मागेन,’ असंही म्हणाले. मागतील का, शंकाच आहे. नाही मागितली तर कळव, मी पाटी घेऊन जाईन.

सोमवारी तुमच्याच इस्पितळात माझे उपचार सुरू होतात. सूनबाई सोबत येईल. पेटीची किल्ली तिला दिली. ती पेटीपाशी बसून रडली, मग रुमाल मोजायचं सोडून दिलं.

एक मागणं आहे. सोमवारी पहिली सुई टोचायच्या आधी येऊन एकदा छाती ऐकशील? मी मध्ये काही सांगणार नाही. तुझं तू ऐक.

तुझा पेशंट