गळ्याच्या खळीतली कमान

१२ नोव्हेंबर, बुधवार

कमान बघायची राहिली. बाकी काही लिहायच्या आधी हेच लिहिते.

कासूच्या हुदाचा मुलगा. काल सिझर झालं. श्वास फार जलद, म्हणून हर्षद सरांनी मला त्याच्या हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितली. जेलीची बाटली मी आधी काखेत धरून कोमट करते. प्रतिक्षा सिस्टर हसते — "मॅडम, अंडी उबवताय की काय!" हृदय छान आकुंचन पावतंय, झडपा चांगल्या. आईच्या पोटात असताना खालच्या अंगाला रक्त नेणारी नळी अजून उघडी, पण दुसऱ्या दिवशी ती असतेच. शेवटी राहते हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान. ती बघायला प्रोब गळ्याच्या खळीत ठेवावा लागतो. आणि नेमका तिथेच काळ्या दोऱ्यातला चांदीचा तावीज!

प्रतिक्षा म्हणाली, "काढू?" मीच तिचा हात धरला. "राहू दे गो. चाळीस दिवस काढत नाहीत आमच्यात." बाळाची दादी, अजीजादादी, दाराशीच तसबीचे मणी ओढत बसलेल्या. रोह्याला आमच्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या मुलाचा तावीज नर्सने लशीच्या वेळी कापला, तेव्हा घरात केवढं रणकंदन झालं होतं!

रिपोर्टमध्ये कमानीपुढे "ठीक" लिहून मोकळी झाले. हाताची सवय, दुसरं काय!

१३ नोव्हेंबर

श्वासाचा वेग उतरलाय. दूधही ओढतोय. सरांना म्हटलं, कमान परत एकदा बघते. "चांगलं चाललंय ना तस्नीम? कशाला खाजवून खरूज काढतेस?" ताविजाचं बोललेच नाही. न बघता "ठीक" लिहिलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू? भित्री कुठली!

१४ नोव्हेंबर

घरी सोडलं त्याला. निघताना जांघेत बोटं ठेवून पाहिली, नाडी लागली. पण कमान अरुंद असली तरी नळी उघडी असेपर्यंत ती लागणारच की! त्याने काय कळतं? दादींनी जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला मान वर करवेना.

१५ नोव्हेंबर

मन चिंती ते वैरी न चिंती.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सरांना फोन करून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मशीन उचल आणि जा."

छोटं मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने कासू गाठलं. हुदा दारातच — "पहाटेपासून दूध ओढत नाय. झोपूनच हाय नुस्ता." पाय गार. जांघेत नाडी नाही! डावीकडे नाही, उजवीकडे नाही. या अल्ला!

तावीज वर सरकवायला गेले तर दोरा आखूड, सरकेना. दादी पुढे झाल्या, गाठ सोडली, तावीज ओढणीच्या टोकाला बांधला. नजर बाळावरच. रागावल्या असणार.

कमान दिसली. पुढे जाऊन चिमटीत धरल्यासारखी आवळलेली. नळी मिटत आलेली, आणि खालच्या अंगाला रक्त जात होतं ते त्याच नळीतून! पेणला आमच्या हॉस्पिटलात आणून नळी उघडी ठेवणारं औषध चालू केलं, मग अँब्युलन्सने मुंबई. बाळाचा बाप अस्लम मस्कतहून फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारत होता — "डॉक्टर, वाचंल ना?"

१७ नोव्हेंबर

मुंबईहून फोन नाही.

१८ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. आज दोन बाळं तपासली. दोघांचीही कमान आधी पाहिली, मग बाकीचं. प्रतिक्षाने एकदाही चेष्टा केली नाही.

१९ नोव्हेंबर

वाचला! दोन्ही पायांना नाडी आहे! वॉर्डमध्येच रडले, कोण बघतंय याची लाज वाटली नाही. मग रिपोर्ट काढला. "ठीक"वर रेघ मारली, शेजारी लिहिलं — "कमान पाहिली नव्हती." खाली तारीख घालून सही केली.

४ डिसेंबर, गुरुवार

बाळाला दाखवायला आणलं. गाल भरलेत. दादींचे हात धरले, म्हटलं, "माफ करा. त्या दिवशी गळ्यात तावीज होता, म्हणून मी..."

"आड येतोय ते मला दारातून दिसत हुतं गो. वाटलं, डॉक्टरीण हाय, लागला तर मागंल. पोराच्या जिवापरीस तावीज मोठा हाय काय? तू इचारलंसच नाय."