तंबूत बोलपट आला तेव्हा

उदगीर
१६ जानेवारी २०२५

प्रिय अण्णा,

महादेवीचा नमस्कार. प्रियदर्शनीवहिनींसाठी तिळगुळाचा वेगळा डबा पाठवलाय, तो तू एकट्यानं फस्त करू नकोस. मोबाईल असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलताना अप्पा शेजारीच बसलेले असतात, म्हणून.

त्यांची घशाच्या ऑपरेशनची जखम भरली, आवाज मात्र गेला तो गेलाच. गळ्याला रुमाल बांधून सकाळी दुकानात जातात. हातवाऱ्यांनी गिऱ्हाइकाशी घासाघीस करतात आणि जिंकतातही.

माझी अक्षरा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मूकपटांवर काहीतरी करते आहे, म्हणून तिनं तिच्या पणजोबांची, आपल्या अज्जांची गोष्ट विचारली. मी सांगत होते, अप्पा हातांनी माझ्या चुका दुरुस्त करत होते. फिरत्या सिनेमाच्या तंबूत अज्जा पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहत. चित्रं मुकी, म्हणून राजाचंही तेच बोलत आणि राणीचंही, कधी मराठीत, कधी कानडीत. मग बोलपट आला. पहिल्या खेळाला अज्जा सवयीनं उभे राहिले आणि पडद्यावरच्या माणसांपेक्षा वरच्या पट्टीत बोलू लागले. लोक ओरडले, "ओ सिद्धलिंगप्पा, बसा की खाली. आता त्येच बोलून राहिलेत."

अज्जा खाली बसले. तेव्हा बायकांतून कमलम्मा नावाची म्हातारी म्हणाली, "बोलतेत खरं, पन आमाला कुठं कळतंय त्यांचं हिंदी? तू सांग बाबा." मग अज्जा बायकांच्या बाजूला जाऊन बसले आणि अख्खा खेळ हळू आवाजात सांगत राहिले.

अक्षरा हसली. अप्पा मात्र उठून आत गेले.

डॉक्टरांनी त्यांना गळ्याला लावायचं यंत्र दिलंय. ते लावून ओठ हलवले की आवाज निघतो, पण रिकाम्या डब्यातून आल्यासारखा, ना चढ ना उतार. अप्पांना त्याची फार लाज वाटते, म्हणून त्याला हातही लावत नव्हते. त्या दिवसापासून मागच्या खोलीत दार लावून सराव सुरू झाला. मी बाहेरून ऐकायची. पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द.

अण्णा, किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? वहिनी बौद्ध म्हणून अप्पांनी तुम्हाला उंबऱ्यावरून परत पाठवलं. तेव्हा तू म्हणालास, "अप्पा स्वतःच्या तोंडानं आम्हा दोघांना बोलावतील, तेव्हाच येईन." तुझं बरोबरच होतं, मला तेव्हाही तसंच वाटलं. ऑपरेशनच्या वेळी तू लातूरला दवाखान्याच्या गेटपर्यंत येऊन परत गेलास, हेही मला ठाऊक आहे. मी खिडकीत होते. हाक मारावी असं फार वाटलं.

रविवारी अप्पांनी अक्षराच्या नव्या नंबरवरून तुला फोन लावला. त्यांचा नंबर पाहून तू उचलणार नाहीस, अशी भीती असावी. तू उचललास, ऐकलंस आणि ठेवून दिलास. कुठल्यातरी कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन वाटला असेल, कुणालाही वाटला असता. त्यांनी पुन्हा लावला, तू पुन्हा ठेवलास. तेव्हापासून यंत्र कपाटात आहे आणि अप्पा कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत.

तो आवाज अप्पांचा होता, अण्णा. ते म्हणत होते, "दोघं या."

तुम्हा दोघांची,
महादेवी