करंगळीएवढी सळई

दवनीवाडा, मंगळवार, सांज

आज किळस आली मले. अन् ती आपल्याच पोराची.

माझी नात पोर्णिमा नागपूरले बिजलीघराच्या बॉयलरसाठी पोलाद बनवते. लालबुंद तापूनही लांबलं नाई पाहिजे, असं पोलाद. मी चौथी शिकली, अन् माझी नात लोखंडाले सबुरी शिकवते! करंगळीएवढी सळई भट्टीत लटकवते, खाली वजन बांधते, अन् किती लांबली ते महिनोन् महिने मोजते.

यावेळी मधातच लाइन गेली, भट्टी थंडी झाली, सारी मोजणी वाया गेली. साहेब म्हणे, "ते लिहू नको, पास लिहून दे. नाईतर घरी बस." पोरगी नाई म्हणाली.

तिनं हे फोनवर सांगतलं, तं तिचा बाप, माझा सुरेश, म्हणते कसा, "लिहून दे ना वो! करंगळीएवढ्या सळईपायी नोकरी घालवतं का? कोन पाहून राहिला?"

थू! याचाच साळा बिजलीघरात बॉयलरजवळ काम करते. या पोलादाची नळी फुटली तं वाफ कोनाच्या आंगावर जाईन? उसन्या, म्हंजे वाफवलेल्या, तांदळाच्या मिलात वाफेनं भाजलेला मानूस पाहिला हाये मी. त्याची चामडी... जाऊ दे.

मी फोन हिसकला. "पोर्णिमा, नको लिहू. नोकरी गेली तं घरी ये, धानाच्या रोवण्याले बाया भेटून नाई राहिल्या."

ती हासली. "आजी, नवी सळई सकाळीच भट्टीत टाकली मी. तुमाले विचाराले थांबली नाई."

माझी बाई ती! सुरेशले मात्र चहा नाई देला. चुलीपाशी बसून वाट पाहून राहिला. पाहू दे.