रात्रीची कवळी

३ मार्च
दूध पुन्हा उतू गेलं. मी समोरच उभी होते! आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव दिवसभर आठवलं नाही.

दातांची डॉक्टर अगदी पोरसवदा. 'आजी, हिरड्या केवढ्या सुजल्यात! रात्री कवळी काढत नाही?' म्हणाली, ही सूज नुसती तोंडात राहत नाही, अंगात भिनते, या वयात विसराळूपणाही वाढू शकतो. रात्री काढून ठेवाच. शिवाय चाला, भाज्या खा, माणसांत मिसळा. माणसं कुठल्या दुकानात मिळतात ते नाही सांगितलं!

५ मार्च
कवळी काढून वाटीत ठेवली. आरशात पाहिलं. परत लावली.

पस्तिशीतच सगळे दात गेले. तेव्हापासून ह्यांना बोळकं तोंड दाखवलं नाही — एकदाही नाही! हे घोरायला लागले की गुपचूप उठायचं, कवळी धुवायची, लावायची, मग झोपायचं. आता हे नाहीत, तरी हात धजत नाही.

आणि हे तरी काय, पुढे जन्मभर भिंतीकडे तोंड करून झोपले. माझा कंटाळा आला असणार. विचारायचा धीर झाला नाही. मी आपला पाठीशीच संसार केला.

९ मार्च
चालून आले. कोणी भेटलं नाही.

१२ मार्च
हे मला हाक मारायचे, ती आठवत बसले होते. शब्द आठवले, आवाज येईना. घरभर फिरले. बऱ्याच वेळानं आला, खोकल्यासकट. खूप रडले. दूध जाऊ दे, नावं जाऊ देत. पण ती हाक गेली तर? माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे ती!

१३ मार्च
मुलाला फोन केला. लाज सोडून सगळं सांगितलं.

'अगं, मग काढून ठेव की!'

'इतकी वर्षं ह्यांना कळू दिलं नाही, आता कसं —'

'आई, बाबांना माहीत होतं. लहानपणी मी विचारलं होतं, भिंतीकडे तोंड करून का झोपता. म्हणाले, तुझ्या आईला मोकळेपणानं दात काढता यावेत म्हणून. तिला सांगू नकोस, संकोचेल.'

फोन ठेवला आणि ह्यांच्यावर अशी चिडले! अहो, एकदा बोलायचं तरी!

१४ मार्च
काल कवळी वाटीत ठेवून झोपले. ह्यांच्या बाजूकडे तोंड करून.